व्यापारातील नीती : नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

धान्याच्या एका राशीजवळून जात असता पैगंबर महंमदांनी तीत हात घातला. वरचे दाणे कोरडे होते. आत मात्र बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य गिऱ्हाइकाला दिसेल असे वर का ठेवले नाही, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. हदीस-संग्रहांतील ही हकीकत म्हणजे इस्लामी व्यापारनीतीचे सारच म्हणावे लागेल.

इस्लामने व्यापाराला कमी लेखलेले नाही. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात व्यापार वैध व व्याज निषिद्ध ठरविले आहे; मुदतीचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावा, अशी आज्ञाही तेथेच आहे. आपण ज्याला ‘मापात पाप’ म्हणतो, ते करणाऱ्यांवरून तर 83 व्या अध्यायाचे नावच पडले आहे. टंचाईच्या काळातील साठेबाजीही निषिद्ध मानली गेली. पुढे बाजारातील वजने-मापे तपासण्यासाठी ‘मुहतसिब’ हा अधिकारी नेमला जाऊ लागला.

या साऱ्या नियमांमागील सूत्र एकच आहे : ज्याने काही लपविले नाही आणि नुकसानीची जोखीम पत्करली, त्याचाच नफा न्याय्य. ‘मुदारबा’ या भागीदारीत एकाचे भांडवल, तर दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा आल्यास एकाचे भांडवल जाते, दुसऱ्याचे श्रम वाया जातात. सावकार मात्र ऋणको बुडाला तरी व्याज मागतो. निषेधाचे मूळ येथे आहे.

आधुनिक काळात या तत्त्वाची कसोटी बँकांत लागली. इजिप्तमधील मित गम्र येथे 1963 साली बिनव्याजी बचत बँकेचा प्रयोग झाला. 1975 साली दुबई इस्लामिक बँक स्थापन झाली. पुढे अशा बँका अनेक देशांत पसरल्या. परंतु त्यांच्या व्यवहारात भागीदारीपेक्षा ‘मुराबहा’लाच अधिक स्थान मिळाले. यात बँक वस्तू विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून ती ग्राहकाला हप्त्यांनी विकते. हा व्यवहार वैध खरा. पण वस्तूची मालकी बँकेकडे क्षणभर आणि तीही केवळ कागदावर राहत असेल, तर व्याजात आणि या नफ्यात ग्राहकाला कोणता फरक जाणवणार?

अर्थात सारा दोष बँकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ठेवीदाराला आपला पैसा सुरक्षित हवा असतो. कर्ज घेणारा दोन वह्या ठेवून नफा दडवू लागला, तर त्याच्याशी भागीदारी करण्यास कोण धजेल? भागीदारीला दोन्ही बाजूंचा सचोटीचा हिशेब लागतो, आणि तो केवळ कायद्याने निर्माण होत नाही.

म्हणूनच ‘व्याज’ हा शब्द हिशेबाच्या वहीतून पुसला गेला की नीती साधली, असे मानता येणार नाही. राशीचा वरचा थर कोरडा असतोच. प्रश्न आहे तो आत हात घालून पाहण्याचा.