संघमालकावरील शिस्तभंगाची कारवाई

व्यावसायिक क्रीडासंघाच्या मालकाने क्रीडासंघटनेच्या नियमांचा भंग केल्यास किंवा तिच्या प्रतिष्ठेस बाध आणल्यास संघटना त्याला दंड, निलंबन, आजीव बंदी किंवा मालकीहक्काचा त्याग यांपैकी शिक्षा देते. भंग मैदानावर अथवा आर्थिक व्यवहारात घडला असल्यास कारवाईचा आधार स्पष्ट असतो. मालकाचे खाजगी संभाषणातील अपमानकारक उद्गार उघड झाले, तर मात्र घरात बोललेल्या शब्दांना शिक्षा कोणत्या अधिकाराने द्यावयाची, हे प्रथम ठरवावे लागते.

हा अधिकार दंडविधानातून येत नाही, तो करारातून येतो. संघ विकत घेणारी व्यक्ती स्वेच्छेने संघटनेची सदस्य होते व तिची नियमावली मान्य करते. या नियमावलीत खेळाची प्रतिष्ठा मलिन करणारे वर्तन शिक्षापात्र असल्याचे बहुधा नमूद असते. म्हणून शासन ज्या शब्दांस गुन्हा मानीत नाही, त्यांबद्दलही संघटना आपल्या सदस्यास जाब विचारू शकते.

या विषयातील प्रमुख उदाहरण अमेरिकेतील आहे. लॉस अँजेल्स क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचे मालक डॉनल्ड स्टर्लिंग यांच्या खाजगी संभाषणाचे ध्वनिमुद्रण एप्रिल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतादर्शक उद्गार होते. संघातील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय होते. त्यांनी सरावाचे सदरे उलटे घालून निषेध केला आणि अनेक प्रायोजकांनी पाठ फिरविली. २९ एप्रिल रोजी संघटनेचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी स्टर्लिंग यांस आजीव बंदी व २५ लाख डॉलर दंड केला. नियमावलीनुसार यापेक्षा अधिक दंड करता येत नव्हता. संघ विकण्यास भाग पाडण्यासाठी इतर मालकांच्या तीन-चतुर्थांश मतांची गरज होती. परंतु मतदानापूर्वीच विक्री ठरली व ऑगस्टमध्ये संघ स्टीव्ह बामर यांच्याकडे २०० कोटी डॉलरांस गेला. याच मालकावर घरे भाड्याने देताना वंशभेद केल्याचा दावा अमेरिकी शासनाने २००६ मध्ये लावला होता. २००९ मध्ये तो २७ लाखांहून अधिक डॉलर देऊन मिटविण्यात आला, तेव्हा संघटनेने काहीही कारवाई केली नव्हती. उघड व्यवहारातील आरोपाकडे दुर्लक्ष आणि खाजगी शब्दास कठोर शिक्षा, ही विसंगती लक्षणीय आहे. जनक्षोभ हाच शिक्षेचा मापदंड झाला, की न्याय योगायोगावर अवलंबून राहतो.

भारतात खाजगी उद्गारांबद्दल संघमालकावर झालेल्या कारवाईचे ठळक उदाहरण नाही; तथापि निकटची उदाहरणे आहेत. १६ मे २०१२ रोजी रात्री मुंबईच्या वानखेडे मैदानावर कोलकाता नाइट रायडर्सचे सहमालक शाहरुख खान यांचा सुरक्षारक्षक व पदाधिकारी यांच्याशी वाद झाला. गैरवर्तनाच्या आरोपावरून मुंबई क्रिकेट संघटनेने त्यांस पाच वर्षे मैदानप्रवेशाची बंदी केली. रक्षकांनी मुलांशी धसमुसळेपणा केल्याने आपण रागावलो, असे खान यांचे म्हणणे होते. ही बंदी २०१५ मध्ये उठविण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील स्त्रियांविषयीच्या उद्गारांबद्दल हार्दिक पंड्या व के. एल. राहुल या खेळाडूंना निलंबित करण्यात आले आणि पुढे प्रत्येकी २० लाख रुपये दंड झाला. पहिले प्रकरण मैदानावरचे व दुसरे जाहीर बोलण्याचे असल्याने खाजगीपणाचा प्रश्न या दोहोंत उद्‌भवला नाही.

चंद्रपूर आणि त्यातून १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रदेशी जिल्ह्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. येथे गोंड, माडिया, परधान, कोलाम इ. अनुसूचित जमातींची मोठी वस्ती आहे. येथील एखादी माडिया मुलगी अथवा मुलगा व्यावसायिक संघात गेल्यास त्याची निवड, मानधन व पुढील करार मालकाच्या हाती असतात. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, १९८९ अन्वये जमातीच्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान हा गुन्हा आहे. परंतु त्यासाठी तो ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ घडावा लागतो. चार भिंतींआड, तिऱ्हाईत साक्षीदार नसताना काढलेले उद्गार या तरतुदीत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे जेथे दंडविधान थांबते, तेथून पुढे खेळाडूचे रक्षण करण्याचे काम क्रीडासंघटनेच्या करारावरच येते.

या अधिकारासही मर्यादा हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. दुसरीकडे, ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७२ च्या निकालानुसार ध्वनिमुद्रण अयोग्य मार्गाने मिळाले, एवढ्यावरून ते पुराव्यातून बाद होत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणाची सत्यता तपासणे, मालकास सुनावणीची संधी देणे, शिक्षा आधी लिहिलेल्या नियमावर आधारणे आणि ती खेळापुरतीच ठेवणे, या चार गोष्टी आवश्यक ठरतात. शेवटची गोष्ट महाराष्ट्रात विशेष महत्त्वाची आहे. कारण व्यक्तीस समाजजीवनातूनच वगळणाऱ्या जातपंचायतींच्या बहिष्कारास राज्याने २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. शिस्तभंगाच्या कारवाईत माणसाचे सदस्यत्व जाते, त्याचे नागरिकत्व अबाधित राहते. ज्या उद्गारांमुळे मालकाच्या हाताखालील खेळाडूस समान वागणूक मिळेल हा विश्वास उरत नाही, ते उद्गार कोठे काढले याला मग दुय्यम महत्त्व राहते.