तेच ते परत, तरी लेकरू हसतं कसं?

आपल्या गटांच्या सहयोगिनी आज तुमच्याशी बचतीबद्दल नाही, हसण्याबद्दल बोलणार आहोत.

मोबाईलवर असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. चित्र सिनेमातलं, पण आवाज आपल्या वऱ्हाडी बोलीतला. डाकूंचा सरदार बंदूक रोखून कापसाचा भाव विचारतो आणि आपण पोट धरून हसतो. याला विडंबन म्हणतात. मराठीत ते जुनंच आहे. शंभरेक वर्षांपूर्वी आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं त्या काळच्या कवींची नक्कल करणाऱ्या कविता लिहिल्या. त्यांचं पुस्तक 'झेंडूची फुले'. पण मूळ सिनेमा किंवा कविता ज्याला माहीत आहे, त्यालाच नक्कल कळते. ओळख आधी, हसू नंतर.

लेकरांचंही असंच असतं. चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवा. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतो. चिमणी दर वेळी बाळाचं काहीतरी नवं काम काढते आणि त्याला थांबवून ठेवते. गोष्ट दोन-तीनदा ऐकली की तीन वर्षांचं पोरगं आपल्या आधीच चिमणीचं उत्तर देऊन मोकळं होतं, आणि हसतं. पुढं काय येणार हे त्याला माहीत असतं, म्हणून ते हसतं. "मले येते" हा भरवसा त्यातून तयार होतो.

चांगली चित्रांची पुस्तकं याच गमतीवर उभी असतात. अमेरिकेतल्या एरिक कार्ल यांचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक 1969 साली आलं. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, रोज एक-एक वाढवत जातो, तरी त्याची भूक भागत नाही. आपल्याकडे 'प्रथम बुक्स'च्या एका गोष्टीत शृंगेरी श्रीनिवास नावाचा लांब केसांचा माणूस आहे. त्याला केस कापून हवेत. तो एकेकाकडे जातो, पण कोणालाच वेळ नाही. एका वाक्यासारखंच दुसरं वाक्य येतं. लेकरू ते तोंडानं म्हणतं, पानावर बोट ठेवतं आणि हळूहळू अक्षरांचा आकार ओळखू लागतं. वाचनाची सुरुवात इथून होते.

गटांत बऱ्याच जणी म्हणतात, "ताई, आमाले कुठं वाचता येते?" मैत्रिणींनो, चित्र वाचायला शाळा लागत नाही. माधुरी पुरंदरे यांना बालसाहित्यासाठी 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचं 'चित्रवाचन' हे पुस्तक चित्रं पाहून बोलण्यासाठीच आहे. चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, "हे कोण? काय करून राह्यलं? आता काय होईन?" लेकराला बोलू द्या. वावरातून थकून आल्यावर दहा मिनिटं पुरेत.

मग एक दिवस लेकरू गोष्टच बदलतं. त्याचा कावळा म्हणतो, "चिमणे, दार उघड, मोबाईल चार्ज करायचा हाय!" तेव्हा "नीट सांग" म्हणून रागावू नका. गोष्ट पक्की कळल्याशिवाय ती वाकवता येत नाही. मोठी माणसंही हेच करतात. 1947 साली अमेरिकेत झोपण्याआधी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेणाऱ्या सशाच्या पिल्लाचं पुस्तक निघालं. ते घरोघरी लाडकं झालं. 2011 साली कोणीतरी त्याचं विडंबन केलं. त्यात रात्री निरोप द्यायचा तो घरातल्या मोबाईल-टॅबलेटांना! आपल्याही घरी हे लागू पडतं.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. परत परत येणारा विनोद कोणा एका लेकराच्या रंगावर, जातीवर, बोबड्या बोलण्यावर असेल, तर तो विनोद नाही, चिडवणं आहे. सगळे हसतात आणि एक जण गप्प बसतो, तिथं आपण थांबवायचं. हसू सगळ्यांचं असलं पाहिजे.

आता करायचं काय? गटाच्या महिन्याच्या बैठकीला एक पुस्तक ठेवा आणि ते घरोघरी फिरवा. विकत घेणं जमत नसेल तर 'प्रथम बुक्स'नं 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट मिळतात. मोबाईल आपल्या हातात ठेवायचा आणि गोष्ट लेकरासोबत पाहायची. तेही नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढा, सुईदोऱ्यानं शिवा आणि प्रत्येक पानाखाली एकच ओळ लिहा. ज्या ताईला लिहिता येतं तिनं लिहावं, बाकीच्यांनी चित्रं काढावीत.

पुस्तक फाटलं तरी चालेल. जे जास्त हाताळलं जातं तेच आधी फाटतं.