विम्याचा हप्ता : माणूस पाहून की पत्ता पाहून?

आपल्या वस्त्यांत आता बऱ्याच दारांपुढे दुचाकी दिसते. कोणी कर्ज काढून रिक्षा घेतली आहे, कोणी जुनी मोटार. गाडी आली की विमा आला. त्याचे पैसे भरताना आपण कुरकुर करतो. पण ही रक्कम कोणी आणि कशावरून ठरवली, हे मात्र विचारत नाही. ते विचारले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

विम्याचे मूळ तत्त्व चांगलेच आहे. अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून सावरायचे. ज्याचा धोका जास्त, त्याने जास्त द्यावे, हेही रास्त. पण एकेका माणसाचा धोका आधी कोणाला कळतो? म्हणून कंपनी त्याला एखाद्या गटात बसवते आणि गटाचा दर त्याच्या माथी मारते. अन्याय शिरतो तो इथूनच.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवून विमा कंपन्या तिथल्या घरांचा विमा नाकारीत. १९६७ च्या दंगलींनंतर स्थिती अधिकच बिघडली. विमा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून वस्ती आणखी धोक्याची! अखेर १९६८ साली कायदा झाला आणि राज्याराज्यांत 'फेअर प्लॅन' नावाची योजना आली. घराची पाहणी न करता केवळ वस्ती पाहून विमा नाकारण्याला तिने आळा घातला.

मोटारीच्या विम्याबाबत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये स्वतःच कायदा मंजूर केला. हप्ता ठरवताना आधी चालकाने गाडी किती सांभाळून चालवली ते पाहायचे, मग वर्षात ती किती मैल धावली ते, मग चालवण्याचा अनुभव किती वर्षांचा ते. बाकीच्या गोष्टी त्यानंतर. म्हणजे आधी करणी, मग पत्ता.

तरीही प्रश्न मिटला नाही. २०१७ साली 'प्रोपब्लिका' आणि 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थांनी कॅलिफोर्नियासह चार राज्यांतील दर तपासले. भरपाईचा धोका सारखा असतानाही काही कंपन्या अल्पसंख्याकांच्या वस्त्यांत जास्त हप्ता घेतात, असे त्यांना आढळले. आम्ही रंग पाहत नाही, फक्त आकडे पाहतो, असे कंपन्यांचे म्हणणे. पण पत्ता विचारला की न विचारलेलेही बरेच काही कळते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे काय आहे? 'थर्ड पार्टी' विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. दुचाकीचा दर इंजिनाच्या ताकदीवर असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये होते. मालक सफाई कामगार असो की कारखानदार. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र निराळा. त्याचे दर २००७ पासून खुले झाले. तिथे कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

वर्षभर भरपाई मागितली नसेल, तर या विम्यावर 'नो क्लेम बोनस' मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकली, तरी तो नव्या गाडीला लावून घेता येतो. ही आपल्या करणीची कमाई आहे. ती सोडू नये.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. आग, पूर, भूकंप यांपासून तिचे संरक्षण मिळते. अटी एकसारख्या असल्या, तरी हप्ता कंपनी ठरवते. तिथेही चौकशी हवीच.

पुढच्या वेळी हप्ता भरताना एजंटला एवढेच विचारा : "आमचा दर कशावरून ठरवला?" उत्तर आपल्या करणीवरून आले, तर पैसे जरूर भरा. नुसत्या पत्त्यावरून आले, तर दुसरे दार ठोठवा.