पाचव्या मजल्याखालची जमीन

गृहनिर्माण सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कधी नीट वाचलंय? त्यावर बहुतेक वेळा पन्नास रुपयांचे दहा शेअर्स लिहिलेले असतात. म्हणजे नेरुळ किंवा खारघरमधल्या कोटभर रुपयांच्या फ्लॅटच्या या महत्त्वाच्या कागदाची दर्शनी किंमत 500 रुपये. मला हा कागद दर वेळी थक्क करतो, कारण घर घेणं म्हणजे काय याचं खरं उत्तर तिथून सुरू होतं. इमारतीची मालक सोसायटी, तुम्ही सोसायटीचे सभासद, आणि सभासद म्हणून त्या चार भिंतींत राहण्याचा, त्या विकण्याचा, मुलांच्या नावे करण्याचा हक्क तुमचा.

आणि इमारतीखालची जमीन? 1963 चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा सांगतो की बिल्डरनं ती सोसायटीच्या नावे करून द्यावी. यालाच कन्व्हेयन्स म्हणतात. असंख्य बिल्डरांनी ते केलं नाही, म्हणून 2008 मध्ये कायदा बदलून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढावी लागली. नवी मुंबईत मात्र गोष्ट आणखी एक मजला खाली उतरते. इथली सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, जमीन सहसा विकली जात नाही, भाडेपट्ट्यानं दिली जाते, आणि मूळ पट्टा साठ वर्षांचा असतो. त्यामुळे घर विकताना सोसायटीइतकाच सिडकोचा कागद आणि हस्तांतरण शुल्क मध्ये येतं. सत्तरच्या दशकातले पट्टे 2030 च्या दशकात साठी गाठतील. मुदत वाढवण्याचे निर्णय सरकारनं घेतले आहेत, पण आपल्या भूखंडाचं त्यात काय झालं ते त्या भूखंडाचे कागदच सांगतात.

ही व्यवस्था आली कुठून, ते फार विलक्षण आहे. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. शहर आलं की जमिनीचा भाव वाढतोच. ती वाढ सट्टेबाजांच्या खिशात न जाता शहर बांधायच्या कामी यावी, हा त्यामागचा गाभा होता. 1970 च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि भूखंड विकसित करून त्यांच्या पैशातून रस्ते, पाणी, गटारं उभी राहू लागली. मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती 1992 मध्ये, आणि त्या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा रेल्वेनं नव्हे, सिडकोनं उचलला. म्हणजे ज्यांनी इथे घरं घेतली, त्यांच्या पैशातून त्यांच्याच स्टेशनाचे रूळ पडले. घराच्या किमतीत एवढं काही दडलेलं असतं, हे मला आजही अद्भुत वाटतं.

पण ज्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, ती मोकळी पडलेली नव्हती. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातल्या 95 गावांची ती भातशेती, मिठागरं आणि खाजणं होती. आगरी-कोळ्यांचं पोट तिच्यावर होतं. सानपाडा, तुर्भे, शिरवणे, करावे, कामोठे ही स्टेशनांआधीची गावं आहेत. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई परिसरात जमीन संपादनाच्या प्रश्नावर शेतकरी उठले, पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज घर दाखवताना एजंट सहज म्हणतो, ‘हा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आहे, तो टेंडरचा.’ त्या साडेबारा टक्क्यांची किंमत कोणी मोजली, हे तिथे राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आणखी खाली गेलं की खाडी लागते. या शहराचा बराच भाग खाजणात भराव घालून उभा आहे आणि मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी काही ठिकाणी जमिनीच्या वर असते. म्हणून वाशीपासून बेलापूरपर्यंत होल्डिंग पाँड म्हणजे धारण तलाव खोदले गेले. भरती आली की त्यांच्या खाडीकडच्या तोंडावरची झडपं पाण्याच्या दाबानंच मिटतात. पाऊस चालू असेल तर त्याचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपं उघडतात आणि तलाव खाडीत रिता होतो. ज्या तळ्याकाठी लोक सकाळी फिरतात, ते तळमजल्याचं रक्षण करत असतं. त्यात गाळ साचला की त्या रक्षणाची ताकद तेवढी कमी होते.

खाडीची हवा वरच्या मजल्यांनाही सोडत नाही. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत ती अल्कता कमी करतो, खारट हवेतले क्लोराइड तो थर फोडतात, आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. ती न मिळाल्यानं तो काँक्रीटलाच आतून फोडतो. छताचा पोपडा पडतो तेव्हा हे काम बरंच पुढे गेलेलं असतं. वाशीच्या सेक्टर 9 आणि 10 मधल्या जेएन प्रकारच्या सिडको इमारतींत स्लॅब कोसळू लागले, कुटुंबांना घरं सोडावी लागली आणि पुनर्विकासासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

म्हणून तर सोसायटीच्या आदर्श उपविधींनी 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीही सांगितलाय. बांधकाम खर्च 20 लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला 20,000 रुपये. सर्वसाधारण सभेत या रकमेवरून भांडणं होतात. माझ्या मते मेंटेनन्स कमी आहे म्हणून घर निवडणं हा चुकीचा हिशेब आहे.

बँकेचाही एक थर असतोच. 50 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत: हप्ता सुमारे 43,400 रुपये. पहिल्या हप्त्यातले 35,000 हून अधिक व्याजात जातात. निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. पहिल्या काही वर्षांत मिळालेला बोनस मुद्दलात भरला तर मुदत झपाट्यानं घटते, ते यामुळेच.

टोकन देण्याआधी चार गोष्टी मागा: भाडेपट्ट्याची तारीख, कन्व्हेयन्सची स्थिती, शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल आणि सिंकिंग फंडातली शिल्लक. नवं बांधकाम असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासा, आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हे लक्षात ठेवा.