स्वस्त श्रवणयंत्र घ्यावं का?

घरातल्या ज्येष्ठांना कमी ऐकू येऊ लागलं की आधी टीव्हीचा आवाज वाढतो, मग 'काय म्हणालीस?' वाढतं आणि एक दिवस ते विचारणंच सोडून देतात. चारचौघांत नुसतं हसून मान डोलावतात. तुमच्या घरी गोष्ट इथवर आली असेल, तर कानाच्या मशीनच्या जाहिराती तुम्ही मोबाइलवर नक्कीच पाहिल्या असतील. कुठे दीड-दोन हजारांत चमत्काराचा दावा, तर शोरूममध्ये जोडीची किंमत लाखाच्या पुढे. मग पंधरा-वीस हजारांचा एखादा ब्रँड डोळ्यांत भरतो. तो घ्यावा का?

जरूर घ्यावा, पण खोक्यावर छापलेली चॅनलची संख्या पाहून नाही. ते यंत्र तुमच्या कानानुसार ट्यून करणारा माणूस हाताशी आहे का, हे पाहून.

वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात साधारणपणे सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं त्यातलीच. स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून भाजीवाला 'साठ' म्हणतो आणि आजींना 'आठ' ऐकू येतं. 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही तक्रार खोटी नसते. ऑनलाइन मिळणारी दोन हजारांची वस्तू बहुतेक वेळा नुसता अॅम्प्लिफायर असते. ती 'आ' आणि 'स' दोन्ही वाढवते, शिवाय पंख्याची घरघरही. डोकं दुखतं आणि चार दिवसांत मशीन कपाटात जातं. त्याच्या आवाजाला योग्य मर्यादा नसेल, तर उरलेल्या ऐकण्यालाही धोका असतो. खरं डिजिटल श्रवणयंत्र ऑडिओग्राम, म्हणजे कानाचा ग्राफ पाहून जिथे उणीव आहे तिथेच आवाज वाढवतं. हे काम साधं, कमी किमतीचं यंत्रही करू शकतं. महाग यंत्रात गर्दीतला गोंगाट कमी करणं, फोनशी वायरलेस जोडणी, रिचार्जेबल बॅटरी अशा सोयी वाढतात. दिवसभर घरी चार माणसांत वावरणाऱ्या आजोबांना त्या सगळ्या लागतातच असं नाही.

खरेदीआधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळ साचलेला असतो. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, कान वाहत असेल, चक्कर येत असेल तर मशीन थांबू द्या. अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे उशीर महागात पडतो. मग ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी करून घ्या आणि ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे विचारा. विचारायला संकोच कशाला?

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर आणखी एक गोष्ट. तपासणीत शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. बेंगळुरूत किंवा कोलकात्यात हे शब्द कन्नड, बंगाली, हिंदी किंवा इंग्रजीत असू शकतात. आयुष्यभर घरात मराठी बोललेल्या आईला परका शब्द कळला नाही, तर तो कानाचा दोष की भाषेचा, हे कसं समजणार? मराठी शब्दांची यादी मागा. नसेल तर निदान तुम्ही शेजारी बसून चार ओळखीचे शब्द, तोंड झाकून, म्हणून दाखवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. तिची प्रादेशिक केंद्रं सिकंदराबाद, कोलकाता आणि नोएडा इथे आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून हेच काम करते आहे.

आता ब्रँडकडे. दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: हे यंत्र दुसऱ्या कुठल्या ऑडिओलॉजिस्टकडे ट्यून होईल का? काही यंत्रं विकणाऱ्याच्याच सॉफ्टवेअरला कुलूपबंद असतात. उद्या मुलाची बदली इंदूरहून हैदराबादला झाली, की ट्युनिंगसाठी पुन्हा इंदूर! दुसरा प्रश्न ट्रायलचा. दुकानाच्या शांत खोलीत सगळीच यंत्रं छान वाटतात. परीक्षा घरी होते: कुकरची शिट्टी, सुरू असलेला पंखा, मागच्या खोलीतून मारलेली हाक, फोनवरचा नातवाचा आवाज. काही दिवस वापरून परत करता येईल का, हे लेखी घ्या. वॉरंटीत घामाने आणि ओलाव्याने होणारा बिघाड धरलाय का, तेही वाचा. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

बॅटरीचा हिशेब आधीच करा. झिंक-एअर बॅटरीवरचा स्टिकर काढला की ती वापरा वा ठेवा, संपायला लागते. बहुधा आठवडा-पंधरा दिवसांत बदलावी लागते. ती बारीक असते, थरथरणाऱ्या बोटांना जमत नाही आणि नातवंडांच्या तोंडात जाऊ शकते. हात कापत असतील तर खिशात ठेवायचं, वायरवालं जुन्या पद्धतीचं यंत्रही वाईट नाही. लोक उगीच त्याला नाक मुरडतात.

पैशांची अडचण असेल तर सरकारी वाट आहे. कानपूरची एलिम्को ही १९७२ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी श्रवणयंत्रं बनवते. राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिन्याला १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना ती शिबिरांतून मोफत मिळतात. मोफत मिळालेलं यंत्रही ट्यून करून घ्यावंच लागतं.

आणि घेतल्यावर पहिले काही आठवडे धीर धरा. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला एकदम टोचतात. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलत, दिवसाला एक-दोन तासांनी करा. एक छोटी वही ठेवा आणि त्यात नेमकं लिहा: 'ताट-वाटीचा आवाज टोचतो', 'स्वतःचाच आवाज घुमतो', 'सून बोलते ते कळतं, नात बोलते ते नाही'. पुढच्या ट्युनिंगला ती वही बरोबर घेऊन जा.