झाडपाल्याचं औषध, तरीही जपून

जेवण जड झालं की आपण ओवा चावतो. चीनमध्ये अशा वेळी ‘बाओ हे वान’ नावाच्या गोळ्या घेतात. चौदाव्या शतकातले वैद्य झू दानशी यांच्या नावावर हे औषध आहे. त्यात मुळ्याचं बी आणि संत्र्याची वाळलेली साल असते. ओळखीची वाटतात ना? पण त्यातला ‘बानशिया’ हा कंद आपल्या अळूच्या कुळातला. कच्चा असेल तर विषारी, घसा सुजवतो. आलं-तुरटी घालून शिजवला, की औषधाला चालतो.

म्हणून आम्ही सांगतो, ‘झाडपाल्याचं आहे’ म्हणून कुणाचीही पुडी घेऊ नका. शौचातून रक्त, सतत उलट्या, न थांबणारी पोटदुखी असेल, तर ओव्यावर थांबू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.