वाटाणा, बैलगाडी आणि ३८ रुपयांचा बल्ब

करमणूक, विजेची काटकसर आणि पैसा एकत्र आले की हिरव्या कल्पनांना कोंब फुटतात म्हणे. नाशिकच्या एका माणसानं तर हा कोंब पडद्यावरच दाखवलाय!

त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना सिनेमासाठी भांडवल कुणी देईना. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढली, सगळं मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ बघून पैसेवाला पाघळला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि फाळके बिऱ्हाडासकट नाशिकला आले. कॅमेरा हातानं फिरवायचा, प्रकाश सूर्याचा. वीजबिल काय येणार, कपाळ!

हाच वसा नाशिक जिल्ह्यातल्याच मालेगावनं उचलला. यंत्रमागांच्या खडखडाटात तिथल्या हौशी मंडळींनी ‘मालेगाव के शोले’ काढला, मग मागावरच्या कामगारालाच सुपरमॅन केलं. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. क्रेनला पेट्रोल नको. बैलाला चारा घातला की शॉट ओके. पर्यावरणाचं नावही न घेता केलेलं इतकं हिरवं शूटिंग मुंबईत दाखवाच!

शूटिंगचं झालं, आता घरातल्या विजेचं थोडं गणित. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातला एक संच २१० मेगावॉटचा. ६० वॉटचे ४१ लाख बल्ब काढून तिथे ९ वॉटचे एलईडी लावले, तर सगळे एकदम पेटल्यावर जवळजवळ एका संचाएवढी वीज वाचते. पण लोक ते घेणार कधी? स्वस्त झाल्यावर! सरकारनं घाऊक खरेदी केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा एलईडी २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. (वाचलेल्या विजेत आपण गणपतीला चार माळा जास्त लावल्या, ते सोडा.)

आणि वीज वाचवण्यात नाशिकची द्राक्षं कशी आली? २००१ च्या राज्याच्या वाइन धोरणानं धंद्याला बळ दिलं, २००८ मध्ये गंगापूर धरणाजवळ सुला वाइनरीच्या संगीत महोत्सवाची, म्हणजे सुलाफेस्टची, गाणी सुरू झाली. पण खरी गंमत पहाटेची. वाइनची द्राक्षं ऊन चढायच्या आत तोडली तर घड मुळातच गार असतात, ते थंड करायला वीज कमी लागते. म्हणून रात्री नाचून दमलेले पाहुणे घोरत असतात, तेव्हा बागेत कात्र्या चालू असतात आणि क्रेटमधला घड हाताला बर्फासारखा लागतो.